कूलर घेण्याआधी

चि. मिहीर यास,


तुझे फोटो आणि तो लांबलचक व्हॉइस मेसेज, दोन्ही मिळाले. फोनवर सांगितलेलं तू ‘हो मावशी, हो मावशी’ करत या कानाने ऐकतोस आणि त्या कानाने सोडून देतोस, म्हणून सगळं लिहूनच पाठवते आहे. छापून घे आणि गॅरेजच्या भिंतीला लाव.

तू विचारलंस एवढंच, की पॉवर स्टीअरिंगला कूलर कुठला घेऊ, सहा प्लेटींचा की दहा? दुबई ऑटोड्रोमवर चार-पाच फेऱ्या झाल्या की स्टीअरिंग जड होतं, मध्येच हलकं पडतं, पुन्हा जड होतं. बॉनेट उघडलं की टाकीच्या झाकणाभोवती तेल, खाली ऑल्टरनेटर ओला आणि जळकट वास. यावर कूलर हा उपाय आहेच, पण त्याचा नंबर तिसरा लागतो. आधी उष्णता कुठे तयार होते ते शोधायचं. मग ती मुळातच कमी तयार होईल अशी व्यवस्था करायची. एवढं करून उरेल ती कूलरने घालवायची. भोसरीत आमच्याकडे ‘पॉवर पॅक तापतोय’ अशी तक्रार आली की नवा फिटर मोठा कूलर मागवायच्या तयारीला लागायचा आणि जुना फिटर आधी रिलीफ व्हॉल्व्हला हात लावून बघायचा. मी नोकरीभर जुन्या फिटरच्या बाजूने भांडत आले, आता तुझ्याशी भांडते.

तुझा पंप पट्ट्यावर फिरतो. इंजिन जेवढं पळेल तेवढा तोही पळणार, त्याच्यापुढे दुसरा पर्याय नाही. पण त्याचा आकार कशावरून ठरवलाय? गाडी उभी आहे, इंजिन आयडलला आहे, आणि एखाद्या काकूंना अरुंद जागेत गाडी लावायची आहे, यावरून. जड गाडी जागच्या जागी वळवता यावी हाच या सगळ्या खटाटोपाचा मूळ हेतू. अमेरिकेत पिअर्स-ॲरोमध्ये काम केलेल्या फ्रान्सिस डेव्हिसने १९२६ मध्ये हे यंत्र गाडीत बसवून चालवून दाखवलं. ग्राहकाला विकत मिळणाऱ्या मोटारीत ते यायला १९५१ उजाडलं, क्रायस्लरच्या इंपीरियलमध्ये. तेव्हापासून पंप आयडलला पुरेल असाच निवडतात. सरळ रस्त्यावर ६५०० आरपीएमला त्याची जवळजवळ गरज नसते, आणि नेमका तेव्हाच तो सगळ्यात जोरात फिरत असतो.

आता आकडे मांडते. तुझ्या पंपाचा नेमका आकार सोड, हिशेबाला सोपा म्हणून एका फेऱ्याला १० सीसी धर आणि इंजिनाच्याच वेगाने फिरतो असं धर. आयडलला ७०० आरपीएम म्हणजे मिनिटाला ७ लिटर. ६५०० ला झाले ६५ लिटर. रॅकला हवेत ७-८ लिटरच. उरलेलं तेल पंपातलाच फ्लो कंट्रोल व्हॉल्व्ह आतल्या आत वळवून पुन्हा पंपाच्या तोंडाशी सोडतो. शेतातल्या मोटरने विहिरीचं पाणी उपसायचं, एक बादली घ्यायची आणि बाकी सगळं परत विहिरीत ओतायचं, तसला प्रकार. वीजबिल मात्र सगळ्या पाण्याचं येतं.

ते बिल काढायची रीत हायड्रॉलिक्समधल्या कुठल्याही पोराला झोपेत येते: बार गुणिले मिनिटाचे लिटर भागिले ६००, उत्तर किलोवॅटमध्ये. सरळ चालताना लायनींचा आणि व्हॉल्व्हचा अडथळा मिळून ६ बार धरू. आयडलला ६ गुणिले ७ भागिले ६००, म्हणजे जेमतेम ७० वॅट. ६५०० ला तोच हिशेब ६५० वॅट होतो. आणि हे तू स्टीअरिंगला धक्काही न लावता. कोपऱ्यात रुंद, चिकट टायर घेऊन शिरलास आणि रॅकने ४० बार मागितले, की पंपाला सगळेच्या सगळे ६५ लिटर ४० बारला चढवावे लागतात. त्यातले ५७ लगेच परत सोडायचे असले तरी. झाले ४.३ किलोवॅट. क्षणभरच, पण प्रत्येक कोपऱ्यात. तुझ्या हाताला त्यातलं किती पोचतं? फारच थोडं. बाकीचं सगळं तेलात, उष्णता होऊन.

तेल आहे किती? लिटर-सव्वा लिटर. एक लिटर तेल एका अंशाने तापवायला साधारण १.७ किलोज्यूल लागतात. ६५० वॅट सतत त्यात शिरत राहिले आणि बाहेर काहीच गेलं नाही, तर मिनिटाला २३ अंश चढतात. इंजिन ऑइलचं तुम्ही पोरं किती कौतुक करता! त्याला गेज, त्याला कूलर, त्याला महागडा फिल्टर. या बिचाऱ्या लिटरभर तेलाला साधा दिवासुद्धा नाही डॅशबोर्डवर. झाकणातून बाहेर आलं की कळतं.

टाकीचंही तसंच. आमच्याकडे ठोकताळा असा, की पंप मिनिटाला जेवढं तेल बाहेर देतो त्याच्या तिप्पट तेल टाकीत मावलं पाहिजे. तेल तिथे जरा थांबतं, निवतं, त्यातली हवा वर येऊन निघून जाते. तुझ्या त्या प्लास्टिकच्या डब्यात अडीचशे-तीनशे मिली तेल. ८ लिटरच्या प्रवाहाला ते सव्वादोन सेकंदांत ये-जा करतं. हवा बाहेर पडायला वेळच मिळत नाही, ती बुडबुड्यांच्या रूपाने पुन्हा पंपात जाते. तेल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. तुझं स्टीअरिंग जड-हलकं-जड होतंय ते यामुळे, आणि तो रडका आवाजही यामुळेच. मेसेजमध्ये तू त्याला ‘तेल उकळतंय’ म्हणालास. या तापमानाला तेल उकळत नाही. ते फुगतं आणि फेसाळतं. तेल १०० अंशांनी तापलं की लिटरमागे ७०-८० मिली वाढतं. थंड असताना काठापर्यंत भरून ठेवलेलं असेल तर ते जाणार कुठे? ‘कमी नको पडायला’ म्हणून तू वरपर्यंत भरतोस हे फोटोत दिसतंय. काडीवर जी खूण आहे, थंड तेलाला तेवढंच.

आता तुझ्या गाडीकडे. ई-४६ मध्ये बीएमडब्ल्यूने पुढे रेडिएटरपाशी एक साधी वाकवलेली नळी दिलेली असते, रॅककडून टाकीकडे परत जाणारं तेल तिच्यातून फिरून येतं. दिसायला अगदीच सामान्य, म्हणून टर्बो बसवणाऱ्यांच्या डोळ्यांत खुपते. तुझ्या तिसऱ्या फोटोत मी ती शोधत होते. इंटरकूलर झकास बसलाय, त्याच्या खाली जिथे नळी हवी तिथे काही नाही. खालून काढलेल्या फोटोत दोन रबरी नळ्या एका पितळी जॉइंटने जोडलेल्या दिसतात आणि वर दोन जुबिली क्लिपा. म्हणजे ज्याने इंटरकूलर बसवला त्याने ती नळी अडते म्हणून काढून टाकली आणि दोन टोकं एकमेकांना जोडून दिली. तुला सांगितलं नसणार. रोज ऑफिसला जायला-यायला काही फरकही पडला नाही, म्हणून तुला वर्षभर कळलं नाही.

एवढ्यावर तू म्हणशील, मग कूलरच हवा की! हवाच. पण थांब, टायरचं बोलू. मूळ २२५ चे तू २५५ केलेस, तेही सेमी-स्लिक. कास्टर वाढवलास. दोन्ही गोष्टींनी गाडी छान वळते, पण रॅकला जोर जास्त लागतो, म्हणजे दाब जास्त, म्हणजे वरचा हिशेब आणखी चढा. त्यात तुला आता ड्रिफ्टचं वेड लागलंय. ड्रिफ्टमध्ये इंजिन लिमिटरवर आणि स्टीअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत. यापेक्षा वाईट मिश्रण मला तरी सुचत नाही. टोकाला नेऊन दाबून धरलंस की रॅक हलत नाही, तेलाला पुढे वाट नाही, आणि पंप रिलीफ व्हॉल्व्हच्या दाबाला जाऊन अडतो. ११० बार धर. आयडललासुद्धा सव्वा किलोवॅट. ६५०० ला कागदावर जवळपास १२ किलोवॅट, म्हणजे घरातले सहा गिझर. आणि गंमत अशी, की या वेळी तेल पंपाच्या आतच गरगरत असतं. बाहेरच्या लायनीत ते जवळजवळ येतच नाही. तुझा दहा प्लेटींचा कूलर तेव्हा नुसता वारा खात बसणार. म्हणून टोकाला टेकलं की केसभर मागे घ्यायची सवय लाव. पार्किंगमध्येही. फुकटचा उपाय आहे, त्यामुळे कोणी विकत नाही आणि कोणी सांगतही नाही.

दुसरा उपाय स्वस्तातला: पंपाची पुली. व्यासाने २० टक्के मोठी बसवलीस की पंप तेवढा हळू फिरतो, आणि वेगातली उष्णता साधारण १७ टक्क्यांनी कमी होते. आयडलला ७ ऐवजी पावणेसहा लिटर मिळतील, त्यामुळे मॉलच्या बेसमेंटमध्ये गाडी लावताना जरा जोर लागेल. लागू दे. मात्र पट्ट्याची लांबी बदलेल, आणि त्याच पट्ट्यावर आणखी काय काय फिरतंय ते आधी बघ. पुली चांगल्या लेथवाल्याकडून किंवा तयार घे. डगमगती पुली पंपाच्या शाफ्टचं सील खाते.

पण यातलं काहीही करण्याआधी मोजायचं आहे. मोजल्याशिवाय तू केलेल्या खर्चावर माझा विश्वास बसणार नाही, आणि तुझाही बसायला नको. बाजारात तापमानाच्या पट्ट्या मिळतात, ठराविक अंश ओलांडला की त्यातला चौकोन काळा पडतो आणि पुन्हा पांढरा होत नाही. एक टाकीवर चिकटव, एक रॅककडून येणाऱ्या धातूच्या नळीवर. सेशन संपलं की वाच. तुझ्याकडे ती पिस्तुलासारखी थर्मामीटर-गन आहे, पण चकचकीत ॲल्युमिनियमवर ती धडधडीत खोटं बोलते, ३०-४० अंश कमी दाखवते. नळीवर काळी इन्सुलेशन टेप गुंडाळ आणि टेपवर रोख, मग खरं सांगेल. पुढे कधी हौस आलीच तर रिटर्न लाइनीत टी घालून सेन्सर बसव.

किती चालेल? आमच्या कारखान्यातल्या यंत्रांना ६०-६५ च्या वर गेलं की आम्ही कपाळाला आठ्या घालायचो. गाडीत तेवढी चैन नाही. १०० च्या आत राहिलं तर तुझी पाठ थोपटेन. ११०-१२० मधूनमधून दिसलं तर तेल लवकर बदलायचं एवढंच. त्याच्या वर सातत्याने जायला लागलं की नायट्राइल रबराची सीलं कडक होऊन चिरायला लागतात, आणि सील गेलं की रॅक गेला. तेलाचं ऑक्सिडेशन दर १० अंशांना दुप्पट वेगाने होतं असा ढोबळ नियम आहे. ९० ला जे तेल वर्षभर टिकेल ते १३० ला तीन आठवडे. तुझ्या टाकीत बोट बुडवून टिश्यू पेपरवर ठिपका काढ. एटीएफ असेल तर लाल असायला हवं. फोटोवरून मला ते चहाच्या रंगाचं वाटतंय.

तेल कुठलं? झाकणावर लिहिलंय ते. या गाड्यांत दोन प्रकार येतात, कुठे एटीएफ, कुठे सीएचएफ ११ एस, आणि झाकणावर तसं छापलेलं असतं. दोन्ही एकत्र करू नकोस. ‘सगळ्यांना चालणारं’ म्हणून जे विकतात त्याच्या तर वाटेलाही जाऊ नकोस. झाकण मागच्या मालकाने बदललेलं असू शकतं, तेव्हा चेसिस नंबर देऊन खात्री कर. एटीएफ असेल तर चांगल्यातलं पूर्ण सिंथेटिक घाल, उष्णतेत जास्त तग धरतं. पण महाग तेलाने तापमान कमी होत नाही, ते सोसण्याची ताकद वाढते एवढंच. दोन्हींत गल्लत करणारे फार.

तेल बदलताना टाकीसुद्धा बदल. त्या टाकीच्या तळाशी जाळीचा फिल्टर आतच बसवलेला असतो, वेगळा निघत नाही. इतक्या वर्षांच्या गाडीत तो चिखलाने अर्धा बुजलेला असणार, आणि पंपाला तेल ओढायला त्रास झाला की फेस आणखी वाढतो. इतक्या जुन्या प्लास्टिकवर कसली काटकसर करतोस! टाकीच्या तोंडाच्या क्लिपाही नव्या घाल. पंपाकडे जाणाऱ्या जाड नळीची क्लिप विशेष बघ. तिथून तेल बाहेर न गळताही हवा आत शिरते, कारण पंप तिथे ओढत असतो. जागा कोरडी दिसते आणि आपण फसतो.

आता ये तुझ्या कूलरवर. तो रिटर्न लाइनीतच बसवायचा, रॅक आणि टाकी यांच्या मधे. प्रेशर लाइनीत बसवलास तर पहिल्याच यू-टर्नला फुटेल. आकाराचं उत्तर हिशेबातच आहे. तुझी सरासरी एक किलोवॅट धरू, टायर आणि तुझा स्वभाव पाहून. रिटर्नमधून मिनिटाला ८ लिटर तेल जातंय. एक किलोवॅट घालवायला तेवढं तेल प्रत्येक फेऱ्यात साडेचार अंशांनी निवलं तरी पुरतं. साडेचारच! म्हणून प्लेटी मोजत बसण्यापेक्षा त्यांना हवा कसली मिळते ते बघ. तेल १०० वर आहे आणि बाहेरची हवा ३० वर, तर उष्णता ढकलायला ७० अंशांची तफावत आहे. तोच कूलर इंटरकूलरच्या आणि एसीच्या कंडेन्सरच्या मागे बसवलास, तर त्याच्यापर्यंत पोचेस्तोवर हवाच ६० ची झालेली असते. तफावत ४०. जवळपास निम्मा कूलर तू जागेपायी गमावलास. त्यात दुबई. नोव्हेंबरात जे निभावेल ते मेमध्ये निभावेलच असं नाही.

म्हणून सहा प्लेटींचा घे, पण ताज्या हवेत बसव. तुझ्या बंपरला खाली डाव्या कोपऱ्यात फॉग लॅम्पची जागा आहे. तू दिवे तसेही काढलेलेच आहेत. तिथे तो उभा बसेल आणि मागे चाकाच्या कोनाड्यात हवा बाहेर पडेल. चाकाच्या बाजूने लायनरला जाळी काप, नाहीतर हवा शिरेल पण बाहेर पडायला वाट राहणार नाही, आणि कोंडलेल्या हवेत कूलर म्हणजे नुसतं ओझं. दगडांपासून वाचवायला पुढे जाळी लाव. रबरी पॅकिंग देऊन कस, कडक बसवलास तर कंपनाने ब्रॅकेटपाशी चिरतो.

नळीचा आतला व्यास तीन अष्टमांश इंच ठेव, सगळीकडे सारखाच, आणि काटकोनी जॉइंट कमीत कमी. हे नटवेपणासाठी सांगत नाही. रिटर्नमध्ये तू अडथळा वाढवलास की तो दाब मागे पंपापर्यंत पोचतो. दोनच बार वाढले असं धर. ६५०० ला २ गुणिले ६५ भागिले ६००, म्हणजे २०० वॅटच्या वर नवी उष्णता तू स्वतःच तयार केलीस, ती घालवण्यासाठी आणलेल्या वस्तूने. बारीक तोंडाचे, फिटिंगला सोन्याचा मुलामा दिल्यासारखे दिसणारे कूलर याच कामाचे असतात. रबर मात्र तेलाचंच घे, पॉवर स्टीअरिंगच्या रिटर्नसाठी छापलेलं. रेडिएटरची नळी घातलीस तर दोन महिन्यांत फुगून मऊ होईल.

बसवून झालं की कूलरच्या आधी आणि नंतर, दोन्हीकडे काळी टेप आणि गन. चार-पाच अंशांचा फरक दिसला की काम झालं. एक-दीड अंशच दिसला तर हवा येत नाहीये. मोठा कूलर आणायला धावू नकोस, आधी वाट मोकळी कर.

हवा काढायची रीत तुला येते असं तू म्हणतोस, तरी लिहिते. पुढची चाकं उचललेली, इंजिन बंद, स्टीअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश, टाकीतले बुडबुडे थांबेपर्यंत. मधे तेल घालत राहा. मगच इंजिन चालू, आणि पुन्हा तेच. घाई केलीस तर फेस होतो, आणि तो बसायला रात्र जाते.

ट्रॅकवर शेवटची फेरी हळू मार, वरच्या गिअरात, कमी आरपीएमला. ब्रेकसाठी तू मारतोसच. स्टीअरिंगलाही तीच लागते. आत येऊन लगेच इंजिन बंद केलंस तर तेल आहे तिथेच बसतं आणि टर्बोची उष्णता वर चढून शेजारच्या लायनी भाजते. टर्बोचा एक्झॉस्ट जिथे लायनींजवळून जातो तिथे पत्र्याचं शील्ड आणि लायनीवर परावर्तक स्लीव्ह, दोन्ही हवीत. स्लीव्ह एकटी पुरत नाही, आणि तेल प्यायली की वातीचं काम करते.

इलेक्ट्रिक पंपाचंही विचारलं होतंस. कल्पना वाईट नाही; काही गाड्यांत विजेच्या मोटरवर चालणारा पंप मूळचाच येतो, लोक तो काढून असल्या गाड्यांत बसवतात. आरपीएमचा प्रश्नच मिटतो. पण ती मोटर जोरात असताना ६०-७० ॲम्पिअर खेचते, आणि तुझा ऑल्टरनेटर आधीच तेलाने न्हालाय. पुढच्या वर्षी बघू. मदतच काढून टाकून नुसत्या हाताने चालवायचं जे मित्राने सुचवलं, ते २५५ च्या टायरवर आणि ड्रिफ्टमध्ये मनगटाला परवडणार नाही. हलक्या गाड्यांचे शौक आहेत ते.

आता रागावून सांगायची गोष्ट. चालू इंजिनात लीक बोटाने शोधायचा नाही. प्रेशर लाइनीला सुईएवढं भोक पडलं तरी १०० बारचं तेल कातडीतून आत शिरतं. बाहेर नुसता डास चावल्यासारखा ठिपका दिसतो, दुखतही नाही फारसं, आणि आत हात सडायला लागतो. भोसरीत आमच्या शॉपमध्ये याची पाटी होती आणि तरी लोक बोट लावायचे. पुठ्ठ्याचा तुकडा फिरव, त्यावर डाग उमटेल. आणि चुकून कधी तसा ठिपका उठलाच तर ‘उद्या बघू’ करायचं नाही. तडक इमर्जन्सीत जायचं, ‘हाय-प्रेशर ऑइल इंजेक्शन’ हेच शब्द डॉक्टरला सांगायचे.

या शनिवार-रविवारी खर्च करायचा तो टाकी, तेल, क्लिपा आणि तापमानाच्या पट्ट्या एवढ्यावरच. पितळी जॉइंटच्या जागी मूळ वाकडी नळी जुन्या मालाच्या दुकानात, शारजाला, सहज मिळेल. मिळाली तर तीच बसव, इंटरकूलरच्या खाली आडवी मावते का बघ. मग एक सेशन चालव आणि दोन्ही पट्ट्यांचे फोटो मला पाठव, सोबत त्या दिवशीची हवा किती अंश होती ते. त्यावरून कूलरचं ठरवू. कदाचित लागणारही नाही.

ताईला सांग, मेथीचे लाडू वैशालीबरोबर पाठवले आहेत.

तुझी,
मावशी

ता. क. डिकीत आग विझवायचा सिलिंडर दिसला नाही कुठल्याच फोटोत. हे तेल १८०-२०० अंशांच्या आसपास पेट घेण्याजोगी वाफ सोडतं, आणि तुझ्या टर्बोचं कवच ट्रॅकवर लालभडक होतं. सिलिंडर डिकीत ठेवायचा नाही, सीटच्या पुढे, पट्टा न सोडता हात पोचेल असा बोल्टने कसायचा.